भिकूतात्यांचे अर्ध्या मिनिटाचे पिक्चर

मालिका सुरू झाली की आमचे शेजारी भिकूतात्या टीव्हीचा आवाज बंद करून माडांना पाणी घालायला जात. एक डोळा मात्र खिडकीतून पडद्यावर. जाहिराती लागल्या रे लागल्या की लुंगी सावरत धावत आत.

"मालिका म्हणजे नुसतो वेळकाढूपणा," ते म्हणत. "जायरातीत बघ, अर्ध्या मिन्टात अख्खो पिक्चर."

त्या पिक्चरमधली माणसं त्यांच्या सोयऱ्यांसारखी होती. चहाच्या एका जाहिरातीत रुसलेली सासू सुनेच्या हातचा कप घेते, एवढंच. तात्या कुंपणाच्या गडग्यापलीकडून आम्हाला कळवत, "दोघींचा आता बरा चल्ला हा." चहा कुठला, हे मात्र त्यांना कधी सांगता आलं नाही. स्वतः ते कोरी कॉफी पीत. तरुणपणी मालवाहू जहाजावर खलाशी होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही.

आमच्या तारकर्लीत एकदा भर दुपारी वादळ उठलं. माझा दादा ट्रॉलर घेऊन समुद्रात गेलेला. त्याचा फोन लागत नव्हता, लाईट गेलेली. वाडीत इन्व्हर्टर फक्त तात्यांकडे, तोही जाहिराती चुकू नयेत म्हणून घेतलेला. बाबा बंदरावर धावले आणि मी वहिनीला घेऊन तात्यांकडे बातम्या बघायला गेलो. तिला सातवा महिना लागला होता.

बातम्यांत एक उलटलेली होडी दाखवत होते. कुठली, कुणाची, काही सांगत नव्हते. तेच चित्र पुन्हा, पुन्हा. वहिनीने खुर्चीचा हात घट्ट धरला. तिचे ओठ पांढरे पडले.

तात्यांनी चॅनल बदललं. रंगाची जाहिरात लागली.

"तात्यानू, बातम्यो लावा," मी म्हणालो.

"शुभा, ह्या बघ," ते वहिनीला म्हणाले, "ह्यो म्हातारो आता नातीसाठी भिंत रंगयतलो."

"ही काय जायराती बघूची वेळ आसा?" माझा आवाज चढला. मी रिमोट ओढायला गेलो, तर ते चक्क त्याच्यावर बसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हाताऱ्याला ढकलावं असंसुद्धा वाटलं.

जाहिराती संपल्या की तात्या बुडाखालून रिमोट काढून दुसरं चॅनल लावत आणि परत त्यावर बसत. बाहेर माड जमिनीला टेकायला आले होते, कौलं वाजत होती, आणि आत तात्या गोष्टी सांगत होते. हा मुलगा बापाचे बूट घालून शाळेत जातो. ही बाई पावसात स्कूटर ढकलते. वहिनी आधी नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग केव्हातरी हळूच म्हणाली, "मगे काय झाला?"

"मगे ना," तात्या खुर्ची पुढे सरकवून सांगू लागले.

बाबा भिजून चिंब होऊन दारात आले तेव्हा आम्ही तिघेही उठून उभे राहिलो.

"देवगडाक लागले," बाबा म्हणाले. "सगळे बरे आसत."

वहिनी मटकन खाली बसली आणि रडू लागली. थोड्या वेळाने बाबा तिला घरी घेऊन गेले. मी मात्र मागे थांबलो. दादा सुखरूप होता, पण माझा राग उतरला नव्हता.

"त्या होडयेत आमचो दादा असतो तर?" मी विचारलं.

"असतो तर कळला असताच." तात्यांनी टीव्ही बंद केला. "आमचा जहाज एकदा वादळात सापडला. रेडिओर सांगल्यानी, बुडाला. जहाजारले सगळे जिवंत होते. पण हय माझी बायको दिवसभर तीच बातमी आयकत बसली. पोटुशी होती."

त्यांनी हातातला रिमोट बाजूला ठेवला.

"मी घराक इलंय," ते म्हणाले. "पोर तेवढा ऱ्हवला नाय."

वारा आता पडत चालला होता. तात्या दारापर्यंत माझ्यासोबत आले.

"सकाळपासून पोटात काय नाय तिच्या," ते म्हणाले. "जा, पेज करून घाल तिका."