न्याहारीच्या बरणीतला नमुना

डेस कॉकरेलच्या हातून मधाची बरणी निसटली आणि शेडच्या सिमेंटवर फुटली. घरात कुणीच नव्हतं. बायको, नॉरीन, ट्रक घेऊन जंगलात गेली होती आणि पोस्ट बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती.

बरणी साधीसुधी नव्हती. पर्थच्या विद्यापीठात डॉ. मिरेला वुकोविच म्हणून एक बाई मधातल्या प्रथिनांवर संशोधन करत होत्या. कुठल्या मधात ती किती आहेत आणि त्यांच्यात अँटिऑक्सिडंट गुण किती, हे तपासायला त्यांनी गावोगावच्या मधवाल्यांकडून नमुने मागवले होते. नॉरीनने या हंगामातला जॅराच्या झाडांचा सगळ्यात काळाभोर मध निवडून बरणीत भरला होता, आणि डेसला बजावलं होतं, "पोस्टात टाक. एवढंच कर. आणखी काही डोकं लढवू नकोस."

मधाच्या मोठ्या पिंपाची तोटी उघडायला पाना लागतो आणि पाना ट्रकमध्ये होता. मग डेसने डोकं लढवलं. तो स्वयंपाकघरात गेला, न्याहारीच्या टेबलावरची मधाची बरणी उचलली, त्यातला मध नव्या बरणीत ओतला, झाकण घट्ट लावलं आणि धापा टाकत पोस्टात पोचला. मध शेवटी तोच होता, तिच्याच मधमाशांचा. त्यामुळे घरी येताना तो चक्क शीळ घालत होता.

न्याहारीच्या बरणीची जी गोष्ट त्याला आठवायला हवी होती, ती त्याला दीड महिन्याने आठवली.

त्या दिवशी नॉरीन हातात कागद घेऊन टेबलाशी आली. "विद्यापीठाचा निकाल आलाय. आपल्या मधात प्रथिनं सगळ्यात जास्त. अख्ख्या नैर्ऋत्य भागात."

"सगळ्यात?" डेस टोस्टला यीस्टचं काळं खारट चाटण लावत होता.

"सगळ्यात. डॉक्टरीणबाई म्हणतात, ही प्रथिनं बरीचशी माशीच्या तोंडातून येतात. म्हणजे माझ्या माशा तब्येतीने खणखणीत आहेत." तिचे डोळे भरून आले होते. गावच्या प्रदर्शनात सव्वीस वर्षं तिच्या मधाला साधी तिसऱ्या नंबरची फीतसुद्धा मिळाली नव्हती. परीक्षकांना फिका, पारदर्शक मध आवडायचा.

डेसने पहिला टोस्ट संपवला, दुसरा घेतला आणि तीच सुरी मधाच्या बरणीत घातली. सुरी बाहेर काढली तेव्हा मधात एक काळी रेघ तरंगत होती. तो त्या रेघेकडे बघतच राहिला.

या रेघेवरून त्या घरात एक्केचाळीस वर्षं भांडण चालू होतं. "मधात काळी सुरी कोण घालतं?" असं नॉरीन विचारायची आणि "मी नाही," असं डेस सांगायचा. पूर्वी संशय मुलांवर ढकलता यायचा. मुलं मोठी होऊन शहरात गेली, घरात दोघंच उरली, तरी डेसने जबाब बदलला नव्हता. आणि ते चाटण म्हणजे दुसरं काय, निव्वळ प्रथिनांचा गोळा. डेसने टोस्ट खाली ठेवला. नॉरीनचा मध पहिला आलाच नव्हता, पहिली आली होती त्याची सुरी.

सांगून टाकावं, असं त्याला दिवसातून दहा वेळा वाटायचं. पण नॉरीन गाणं गुणगुणत मधमाशांच्या पेट्या रंगवत होती. बेव्ह, म्हणजे दुकानवाली आणि महिला मंडळाची सेक्रेटरी, तिने शनिवारी सभागृहात चहापान ठरवलं. डॉ. वुकोविच स्वतः प्रमाणपत्र द्यायला येणार होत्या. मग बुधवारी नॉरीन म्हणाली, "डॉक्टरीणबाई येतील तेव्हा पिंपातून आणखी नमुने नेणार आहेत."

गुरुवारी सकाळी डेस बेव्हच्या दुकानात होता.

"सहा बरण्या?" बेव्हने चाटणाच्या बरण्यांकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. "घरात माणसं दोन, डेस."

"स्वस्त होत्या म्हणून घेतल्या."

"किंमत मी ठरवते. स्वस्त नाहीत."

शेडमध्ये त्याने आधी वाडगाभर मधात एक चमचा चाटण घोटून पाहिलं. ते काही केल्या मिसळेना, मधात नुसत्या गाठी फिरत राहिल्या. चव घेतली आणि थुंकून टाकलं. कुत्र्यापुढे वाडगा धरला तर ते उठून बाहेर गेलं. पुढे पिंप उभं होतं, दोनशे लिटरचं, त्यावर नॉरीनने खडूने तारीख लिहिलेली होती आणि खाली एक वेडीवाकडी माशी काढली होती. डेसला स्वतःची फार लाज वाटली. त्याने सहाही बरण्या ट्रॅक्टरमागे लपवल्या आणि वाडगा धुऊन टाकला.

शनिवारी सभागृह भरलं होतं. स्कोन, क्रीम, नारळ लावलेले केकचे तुकडे, आणि मधोमध नॉरीनचा मध. नॉरीनने लग्नातला ब्रोच लावला होता. डॉ. वुकोविच पस्तिशीच्या, बारीक चणीच्या बाई निघाल्या. त्या बोलायला उभ्या राहिल्या. "मधात प्रथिनं असतात चिमूटभरच. तरी नॉरीनबाईंच्या मधात इतकी मिळाली की आम्हीसुद्धा चकित झालो. आज आम्ही पुन्हा नमुने घेऊ आणि हाच आकडा येतो का, ते पाहू."

आकडा येणार नव्हता. मग गाव म्हणणार होतं, नॉरीनने लबाडी केली. हे डोक्यात शिरलं आणि डेस उभा राहिला.

"डॉक्टर, तो आकडा खोटा आहे. यात तिचा काही दोष नाही. तिने दिलेली बरणी माझ्याकडून फुटली. मी न्याहारीच्या बरणीतला मध पाठवला. आणि त्यात मी चाटणाची सुरी घालतो. रोज."

सभागृहात कुणीतरी चमचा खाली ठेवला. बेव्ह पुटपुटली, "तरीच सहा बरण्या."

डॉ. वुकोविच गोंधळल्या. "ती बरणी? ती तर आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली. एवढं मीठ कुठल्याच फुलात नसतं. मी तसं पत्र लिहिलं आणि नॉरीनबाईंनी दुसरा नमुना पाठवला, थेट पेटीतून काढून. निकाल त्याचा आहे. मध खरंच पहिला आलाय."

डेसने हळूच मान वळवली. नॉरीन क्रीम लावलेला स्कोन शांतपणे खात होती. तो संपवून तिने बोटं पुसली.

"रोज म्हणालास ना?"

"हो."

"ख्रिसमसला माझी आई आली होती, तेव्हा तिच्यावर आळ घेतलास. तेव्हाही तूच?"

"मीच."

"आणि धाकटीला मी दोन दिवस मध दिला नव्हता, तेव्हा?"

"तेव्हाही."

"बेव्ह, लिहून घेतेयस ना?"

"इतिवृत्तात घेतेय," बेव्ह म्हणाली. "सावकाश बोल, डेस."

मग टाळ्या झाल्या, प्रमाणपत्र झालं, फोटो झाला. फोटोत नॉरीन हसते आहे, इतकी की गावाने तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. परतताना ट्रकमध्ये डेसने विचारलं, "पत्र कधी आलं होतं?"

"महिना झाला."

"महिनाभर तुला माहीत होतं? मी रात्ररात्र झोपलो नाही, नॉरीन. बोलली का नाहीस?"

नॉरीनने मांडीवरचं प्रमाणपत्र नीट धरलं. "एक्केचाळीस वर्षं मीच बोलत होते. म्हटलं, एकदा तुला बोलू द्यावं."

डेसने गियर बदलला. मग म्हणाला, "इतिवृत्त किती जणींकडे जातं?"

"सगळ्या जिल्ह्यात," नॉरीन म्हणाली, आणि खिडकीची काच खाली करून पुन्हा ते गाणं गुणगुणायला लागली.