मुलाणीचाचा आठ-नऊ मानत नाहीत

मुलाणीचाचा आठ आणि नऊ हे आकडे मानत नाहीत. आकडे आहेत हे त्यांना ठाऊक आहे, पण बोलणंचालणं नाही. माझ्या मेसमध्ये कुणी म्हणालं, "आठ वाजले," की चाचा घास हातात धरून म्हणणार, "सात वाजून साठ मिनिटं." भाजीवालीच्या लेकीला आठवा महिना लागल्याचं कळलं तेव्हा हे गंभीर तोंड करून म्हणाले, "म्हंजे सातवा सुखरूप पार पडला. बरं झालं."

मी एकदा वैतागून विचारलं, "अहो चाचा, ह्या आठानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"घोडं न्हाय मारलं, ताई. पर विमानाच्या कोडात शून्यापासनं सातापातूरच आकडं असत्यात. त्येच्या फुडलं दोन तितं लागतच न्हायीत. जो आकडा येळंला उपेगी पडत न्हाय, त्येच्याशी सोयरीक कशापायी करायची?"

कपाळ माझं!

मी शोभा. बारामतीत विमानतळाच्या फाटकाबाहेर माझी मेस आहे. आत पोरापोरींना विमान चालवायला शिकवणारी शाळा आहे, ती सगळी माझ्याकडं जेवतात. चाचा त्या शाळेच्या ऑफिसात. रोज सकाळी पुण्याच्या कंट्रोलला फोन लावायचा, आज कुठलं विमान कुठं उडणार ते सांगायचं, त्याला हवेत कुठल्या नावानं हाक मारायची ते पक्कं करायचं आणि त्याच्यासाठी चार आकडी कोड मागून घ्यायचा, हे त्यांचं काम. हा कोड विमानातल्या एका डबीत लावला की पुण्याला पडद्यावर ठिपक्याशेजारी तोच आकडा उमटतो. म्हणजे वर कोण हिंडतंय ते खाली कळतं. मला चाचांनी एवढंच सांगितलंय, पण चार वेळा सांगितलंय.

कारण चाचांचा दुसरा आजार म्हणजे "परत म्हणा." वैमानिकाला खालून काही सांगितलं की त्यानं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं असतं. चाचांनी तो नियम माझ्या स्वयंपाकघरात आणला.

"ताई, उद्या माझ्या डब्यात वांगं नगं."

"बरं."

"बरं न्हाय. परत म्हणा."

"उद्या तुमच्या डब्यात वांगं नाही घालणार, माझे आई!"

"हां. ऐकलं म्हंजे कळलं आसं नसतं."

लग्नात जेवणाखाणाचं कौतुक नाही त्यांना, पण निकाह फार पसंत. "तीनदा 'कबूल' म्हणाय लावत्यात. एकदा मान हलीवली आन् झालं, आसला भोंगळ कारभार न्हाय."

एकसारख्या नावाची दोन विमानं एका वेळी वर गेलेलीही त्यांना खपत नाहीत. एकाला मारलेली हाक दुसऱ्यानं घेतली तर? माझ्याकडं भाकऱ्या थापायला दोन मंगल होत्या. चाचांनी पहिल्याच दिवशी एकीला मंगल ठेवलं आणि विमानांच्या नावात असतं तसं, दुसरीची टँगो करून टाकली. ती टँगो आता नवऱ्यानं मंगल म्हणून हाक मारली तर ओ देत नाही. आणि मी मेस कंट्रोल.

शेवटचं विमान उतरल्याशिवाय हा माणूस जेवत नाही. भाकरीचं कातडं होतं, कालवणावर साय धरते, तरी नाही. "पोरं वर आन् म्या खाली मिटक्या मारू व्हय?" मी म्हणायचे, "तुम्ही उपाशी राहून विमान वर धरताय का?" तर म्हणाले, "धरत नसंल. पर सोडून बघायची हिंमत न्हाय." मग मीच डबा घेऊन ऑफिसात जायला लागले. निदान समोर उघडा पडला तर वासानं तरी खातील.

बरं, ही काळजी नुसती विमानांची नाही. मी मोरगावच्या गणपतीला निघाले तर मला म्हणाले, "पोचला की फोन." गर्दीत राहून गेलं. पायरीवर बसले होते तर ह्यांचाच आला. "उतरला का? चाकं टेकली का जमिनीला?"

"चाचा, यष्टीची चाकं जमिनीलाच असतात हो!"

"ते तुमाला दिसतंय. मला हितनं काय दिसतंय?"



आणि तीन कोड असे, की ते चाचांनी कधी तोंडानं उच्चारलेले नाहीत. विमान संकटात सापडलं, रेडिओ बंद पडला किंवा कुणी विमान पळवलं, तर वैमानिकानं डबीत लावायचे ते आकडे. आपल्याकडं रात्री सापाचं नाव घेत नाहीत, लांबडं म्हणतात. चाचांचीही ही तीन लांबडी. रेडिओचं ते मधलं लांबडं. पोरांना शिकवताना ते नुसती बोटं दाखवायचे. "आलं ध्यानात? मनात म्हण. म्हणलंस? आता परत म्हण. मनात!" पोरं बाहेर येऊन माझ्या ओट्याशी पोट धरून हसायची. मीही हसायचे. हसू नको तर काय करू?

मग अश्विनीचा दिवस आला.

अश्विनी माझ्या थोरल्या भावाची पोरगी, वरकुट्याची. भावानं नको नको म्हणत पाठवलेली, आणि पाठवलीय कुणाच्या भरवशावर, तर माझ्या. तिची एकटीनं लांब जायची ती पहिली खेप. इंदापूरवरून सोलापूरच्या अंगाला जायचं आणि वळून परत यायचं. चाचांनी सकाळी पुण्याला तिचा कोड तीनतीनदा म्हणून दाखवला. पलीकडच्याला वाटलं असेल, हा गडी विमान उडवतोय का निकाह लावतोय.

निघताना ती म्हणाली, "चाचा, येते."

"येच," चाचा म्हणाले. "मधलं लांबडं ध्यानात हाय?"

तिनं डोळे मिटले, ओठ हलवले, पुन्हा हलवले आणि हसत गेली.

यायची वेळ झाली तेव्हा मी डबा घेऊन ऑफिसात. वर टॉवरमध्ये ड्यूटीवरचे सर तिला हाका मारत होते, त्या ऑफिसातल्या स्पीकरवर ऐकू येत होत्या. सरांनी हाक मारायची, मग नुसती खरखर. पुन्हा हाक, पुन्हा खरखर.  तिकडं भावाचा फोन माझ्या कमरेला थरथरत होता आणि मी तो उचलत नव्हते. काय सांगायचं होतं त्याला? चाचा टेबलाशी उभे होते, तसबीहचे मणी बोटात अडकलेले, चेहरा चुन्यासारखा.

"चाचा, काहीतरी बोला," मी म्हटलं.

"बोलू नगा, ताई. हाक ऐकू येनार न्हाय."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पुणं होतं. चाचांनी उचलला, "हां... हां..." म्हणाले आणि तिथंच थिजले. तोंड उघडं, आवाज नाही. पलीकडचा माणूस मला उभ्या जागी ऐकू येत होता. शांत आवाज, मराठीच. "ऑफिस, कोड ऐकलात का? परत म्हणा."

चाचांचे ओठ हलले. पण आयुष्यभर जो आकडा जिभेवर येऊ दिला नाही, तो आता कसा येणार?

"हॅलो? परत म्हणा."

मी पुढं झाले आणि फोन ओढूनच घेतला. "हं, सांगा!"

"तुमच्या विमानानं कोड बदललाय. सात सहा शून्य शून्य."

"सात सहा शून्य शून्य," मी ओरडले. "म्हणजे काय झालं? पोरगी बरी आहे ना?"

"म्हणजे फक्त रेडिओ बंद आहे. विमान सरळ चाललंय, तुमच्याच दिशेनं येतंय. तुम्ही कोण बोलताय?"

तोंडातून निघून गेलं, "मेस कंट्रोल."

 तो बिचारा म्हणाला, "ठीक आहे, मेस कंट्रोल. टॉवरला सांगा, उतरायला हिरवा दिवा दाखवा."

ते मात्र चाचांना जमलं. जिना चढून ते असे पळाले, की चप्पल ऑफिसातच राहिली. मी बाहेर येऊन उन्हात उभी राहिले. इंदापूरकडच्या अंगानं एक ठिपका आला, मोठा झाला, टॉवरमधून हिरवा दिवा लागला आणि आमच्या डोक्यावर येऊन त्यानं आधी एक पंख खाली केला, मग दुसरा. म्हणजे दिवा दिसला तिला, दिसला!  ती फिरून आली, चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली. मी रडत होते. हो, रडत होते, लाजायचं काय त्यात?

अश्विनी चालत आली ती आधी माझ्याकडं नाही, चाचांकडं गेली. "चाचा, आवाज गेला तवा लई भ्या वाटलं. मग मनात म्हणलं. परत बी म्हणलं. मगच डबीत लावलं."

चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खुर्चीत बसले आणि गार पडलेली भाकरी मोडून खायला लागले. कालवण सांडलं तरी त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. मी भावाला फोन लावून सांगितलं, पोरगी उतरली.

संध्याकाळी चाचा घरी निघाले. घर शेळगावला, मोटारसायकलवर जातात. उसाच्या ट्रॉल्यांचा रस्ता, ट्रॉलीला मागं दिवा असला तर असला. अश्विनी माझ्या ओट्यावर चहा पीत होती. ती सहज म्हणाली, "चाचा, पोचल्यावर तुमी कुनाला फोन करता?"

चाचा हेल्मेटचा पट्टा लावत होते, ते थांबले. "मला कशाला फोन? म्या काय पडद्यावर दिसतोय व्हय?"

"तरी पर?"

"आधी बायकू बिल्किस व्हती तवा गाडीचा आवाज आला की चहा ठिवायची. त्योच आमचा फोन. पोरगं मस्कतला, शुक्रवारी बोलतं. आता आवाज आला तर शेजारची शेळी मान वर करून बघती. तेवढं बास की."

हसत म्हणाले ते.  हा माणूस इतकी वर्षं आमच्या गावभरच्या उतरण्याकडं डोळे लावून बसतो, आणि रोज संध्याकाळी त्या काळ्या रस्त्यानं हा घरी पोचला का नाही, हे आख्ख्या तालुक्यात कुणी विचारत नाही. मीसुद्धा नाही, रोज ह्याला जेवू घालणारी!

"चाचा, थांबा," मी म्हटलं. "आजपासून तुम्हाला कोड. आठ-नऊ."

"ताई, ह्यो कोडच नसतो!"

"म्हणूनच दिला. कुठल्या विमानाला जाणार नाही, कुणात घोटाळा होणार नाही. तुमचा एकट्याचा. पोचल्यावर मेस कंट्रोलला फोन करायचा. तोवर मी ताटावर बसणार नाही. परत म्हणा."

चाचांनी अश्विनीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.  हेल्मेटचा पट्टा लावला, किक मारली आणि गेले.

पोरांची जेवणं झाली. टँगोनं भांडी घासायला घेतली. मी ओट्याशी बसून राहिले. आमटी गार झाली, भाकरीचं कातडं झालं आणि मला त्यांच्या रोजच्या त्या उपाशी बसण्याचा अर्थ पहिल्यांदा पोटातून कळला. वाटेत काही झालं असलं तर? ट्रॉली... नको, नाव नको. मी मनातसुद्धा म्हटलं नाही.

फोन वाजला.

"मेस कंट्रोल," चाचांचा आवाज.  मागं शेळी ओरडली. "आठ... नऊ. शेळगाव. उतरलो."

"परत म्हणा," मी म्हटलं.

"पोचलो, ताई," चाचा म्हणाले. "पोचलो घरी. तुमी जेवा आता."