आदर्श तक्रारदार

छळणाऱ्याला शोधण्यापेक्षा छळ सोसणाऱ्याला सुधारणं केव्हाही सोपं, कारण तो बिचारा स्वतःच्या पायांनी कचेरीत येतो. या थोर सत्यावर ऑनलाइन संरक्षण कक्ष उभा आहे. (दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद आहे.)

चष्म्याच्या दुकानातली बाई तो जिना चढली तेव्हा तिच्या फोनवर एकाच अनोळखी खात्यावरून नऊ दिवसांत चारशे अकरा मेसेज आले होते. आधी तिचा प्रोफाइल फोटो पाहून 'डोळे छान आहेत', मग 'उत्तर दे', मग 'माज आलाय का'. शेवटी तिच्याच दुकानाच्या शटरचा फोटो आणि खाली 'आज उशीर झाला'. दुकान मावशीचं. मावशीला बारीक स्क्रू दिसेनासे झाले, म्हणून सहा महिन्यांपूर्वी किल्ली भाचीच्या हाती आली होती. गिऱ्हाईक वेळ घ्यायचं ते याच फोनवर. हे दुकान आपल्या हातून बुडू नये, एवढंच तिला हवं होतं.

कक्षातले साहेब भले गृहस्थ. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एकतीस रकान्यांचा अर्ज दिला. नाव, पत्ता, घरून निघण्याची वेळ, परतीचा रस्ता, घरी पुरुषमाणूस आहे का. रकाना सात: 'ज्या फोटोवरून प्रकार सुरू झाला, त्यात तक्रारदार हसत होती काय?' छळणाऱ्यासाठी शेवटी अर्धी ओळ होती, तिच्यावर शिक्का बसायचा.

"त्याचं काय लिहू?" तिनं विचारलं.

"त्याचं राहू द्या," साहेब म्हणाले. "सापडला की तोच भरेल."

सोबत छापील सूचना मिळाल्या. फोटो काढून टाकावा. नंबर बदलावा व तो चोवीस तासांत कक्षास कळवावा. रस्ता बदलावा व तोही कळवावा. शक्यतो दिसू नये. (सर्व सूचना पाळणाऱ्या सत्त्याण्णव टक्के महिलांना पुन्हा त्रास झाला नाही. उरलेल्या तिघींनी सूचना नीट वाचल्या नव्हत्या.)

तिनं सगळं पाळलं. नव्या नंबरच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि फक्त जुन्या गिऱ्हाइकांच्या चष्म्याच्या डब्यांत घातल्या. तीन दिवस फोन गप्प होता. चौथ्या दिवशी काच घासताना ती गुणगुणलीसुद्धा.

परंतु कक्ष एकतर्फी नाही. प्रत्येक अर्जाची संपूर्ण प्रत, नव्या नोंदींसह, समोरच्या पक्षाला पाठवावी, असा नियम आहे. त्यालाही आपली बाजू मांडता यावी. प्रत त्या खात्यावर गेली. पाचव्या दिवशी नव्या नंबरवर मेसेज आला: 'अर्ज वाचला. अक्षर सुंदर आहे. हल्ली मागच्या गल्लीने जातेस होय.'

तिच्या हातून एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच फुटली.

या खेपेला मावशी जिना चढली, दर पायरीला त्या माणसाचा उद्धार करत. साहेबांनी मेसेज वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमची नोटीस पोचली," ते म्हणाले, आणि त्यांनी नोंद केली: 'प्रतिवादी सहकार्य करीत आहे.'

"अहो, त्या मेल्याला समोर आणा," मावशी म्हणाली. "पोरीनं घरात बसायचं आणि तो उजळ माथ्यानं फिरणार?"

"आजी, आवाज चढवू नका. रकाना अठरा बदलावा लागेल." (रकाना अठरा: तक्रारदाराच्या घरच्यांचा स्वभाव.)

महिन्याभरात शटरला कुलूप लागलं. फोन कायमचा बंद झाला. मावशीनं किल्ली परत घेतली नाही, भाचीनं ठेवून घेतली नाही. किल्ली फ्रिजवर पडून आहे. कक्षानं शेरा मारला: 'तक्रारदार संपर्कात नाही, अर्थात त्रास संपला.' आता नव्या कर्मचाऱ्यांना हे आदर्श प्रकरण म्हणून शिकवतात. त्या खात्याला अलीकडे शेजारच्या फुलवालीचे डोळे छान वाटू लागले आहेत.

राहता राहिला रकाना सात. फोटोत ती हसत होती की नाही, हे इथवर मुद्दामच सांगितलेलं नाही, आणि तुम्ही तेच शोधत आलात. त्याचं नाव काय, हे तुम्हीही विचारलं नाहीत. साहेबांना दोष देऊ नका. अर्जाचा मसुदा तुमच्यासारख्याच समंजस माणसांना विचारून केलेला आहे.