त्याआधी हे वाचा

पुस्तक नेमकं निवडलं की कुठलीही विद्या घरबसल्या येते, असं माझं ठाम मत होतं. फौजेत बारा वर्षं वायरलेस सांभाळून मी कोरेगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. असं मत बाळगायला हरकत नव्हती.

चौऱ्याहत्तर साली पेठेतल्या लालासाहेबांनी आपला नवा रेडिओ दुरुस्तीला आणला. आत ओळखीचे ट्रान्झिस्टर फारसे नव्हतेच. त्यांच्या जागी बसला होता आयसी, म्हणजे बऱ्याच पायांचा एक काळा किडा. अर्धं सर्किट त्याच्या पोटात, आणि पोट उघडायची सोय नाही. मी उघडलं. तो मेला.

लालासाहेब समोरच बसले होते. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी सांगून टाकलं, की असला आयसी मी स्वतःच डिझाइन करायला शिकणार आहे. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या पेठेला कळलं.

पुण्याच्या एका पुस्तकविक्रेत्याला पत्र टाकलं. माझं अक्षर मला एकट्यालाच लागतं. मी आयसीचं पूर्ण नाव 'इंटिग्रेटेड सर्किट' लिहिलं, त्यानं 'इंटिग्रल कॅल्क्युलस' पाठवलं. मीही पुस्तकाला कव्हर घालून तीन दिवस वाचलं. पानोपानी एक उभं नागमोडी चिन्ह होतं. ती मी कॉइल धरली. पण तिला वेढे किती, ते कुठंच दिलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी एस.टी.नं सांगली गाठली. तिथं गोपाळकृष्ण सर कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. त्यांनी पुस्तक पाहिलं, मला पाहिलं, आणि बसायला खुर्ची दिली.

"हे गणित आहे," ते म्हणाले.

मी परत पाठवतो म्हणालो.

"नको. हेही लागणारच आहे."

त्यांनी कागद घेतला. वर आयसी डिझाइनचं पुस्तक लिहिलं. ते कळायला त्याआधी ट्रान्झिस्टरचं, त्याआधी नेटवर्कचं, त्याआधी माझ्या हातातलं. यादी खाली खाली जात होती आणि तिच्याबरोबर मीही. मग त्यांनी एक साधं समीकरण सोडवायला दिलं. मी क्ष डावीकडून उजवीकडे नेला, तिथं जमेना म्हणून परत आणला. सरांनी माझ्या हातातून हळूच पेन्सिल काढून घेतली आणि तळाशी पाचवं पुस्तक लिहिलं: आठवीचं बीजगणित.

ते घरातच होतं. माझी बायको विजयमाला कन्याशाळेत तेच शिकवायची. तिला सांगायला मला दोन दिवस लागले. ती हसली नाही. शाळेतून आले की बसायचं, एवढंच म्हणाली आणि कोरी वही दिली. लालासाहेब रोज विचारत, कुठवर आलं. पुस्तकं निवडतोय, असं मी सांगायचो.

आठवड्यानं तिनं पन्नास मुलींच्या गठ्ठ्यात माझीही वही तपासली. दहापैकी चार, आणि खाली लाल शाईत शेरा: 'पालकांची सही आणावी.' सवयीनं लिहून गेले, म्हणाली. पण खोडायला तयार होईना. वहीत खाडाखोड तिला चालत नाही.

रविवारी गावी, वडूजला गेलो. वडील गोठ्याच्या दारात बसले होते. त्यांनी वही लांब धरून शेरा वाचला, मला नीट उभं राहायला सांगितलं आणि मांडीवर वही ठेवून सावकाश सही केली.

"सूनबाईला म्हनावं," ते म्हणाले, "चार मार्क लय झालं."

हा निरोप मी अजून पोचवलेला नाही.