राजाची मिशी आणि कोको बटर

चौदा वर्षं देवळाच्या उत्सवी नाटकात भालदार म्हणून उभं राहिल्यावर कोरगावच्या बाबलीला यंदा एकदाचं राजाचं काम मिळालं, आणि त्याने ठरवलं की आता चेहऱ्याकडे जरा लक्ष द्यायचं. (बिघडलं ते इथेच.) रंग लावला की त्याच्या गालांना खाज सुटायची. भालदार कोपऱ्यात उभा राहून गुपचूप खाजवतो, राजाने भर दरबारात काय करावं? म्हणून तो मांद्र्याच्या एका दुकानातून कोको बटरची डबी घेऊन आला.

बायको विनोदिनी आरोग्यकेंद्रात नर्स. तिने डबी उलटीसुलटी करून वाचली आणि आधी कोपरावर लावून एक दिवस थांबायला सांगितलं. बाबलीला ते काही पटेना. कोको म्हणजे चॉकलेट, पोटात चालतं ते गालाला का चालू नये?

"काजू बरे खातात तुमी," विनोदिनी म्हणाली. "तेच्या सालीचां तेल लावन बघा तोंडाक."

काजूच्या सालीच्या तेलाने कातडी भाजून निघते, हे बाबलीला ठाऊक होतं. त्याने निमूट कोको बटर कोपराला लावलं. दिवसभर येईल-जाईल त्याला कोपर दाखवला. पुरळ नाही, खाज नाही. मग मात्र त्याची भीड चेपली आणि प्रयोगाच्या दिवशी त्याने अर्धी डबी तोंडाला चोपडली.

रंगभूषेच्या गुरुदासने डिंक लावून मिशी चिकटवली, ती निसटली. पुसून पुन्हा लावली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा कशीबशी बसली, तोवर घंटा झाली होती.

पहिल्याच संवादाला मिशीची एक बाजू सुटली. बाबलीने तिच्यावर बोट दाबलं आणि सगळा अंक गहन विचारात पडल्यासारखा म्हटला. लोकांना ते आवडलंही. पण पुढे तहाचा प्रवेश होता, आणि शत्रूला कडकडून मिठी मारायला दोन्ही हात लागतात. शत्रू झाला होता पोस्टातला स्वप्नील. मिठी सुटली तेव्हा राजा सफाचट होता आणि स्वप्नीलच्या कोरड्या गालावर, त्याच्या स्वतःच्या मिशीशेजारी, दुसरी मिशी घट्ट बसली होती. मांडव हसून लोळला. बाबलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदा वर्षांनी मिळालेलं राज्य एका मिठीत गेलं.

घरी विनोदिनीने त्याचे गाल उजेडात नीट तपासले. पुरळ नव्हतं. क्रीम चांगलं आहे, असं तिचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष जयराम दारात आले. आता पुन्हा भालदारी, असं समजून बाबली मान खाली घालून उभा राहिला. जयरामनी त्याच्या गालावरून बोट फिरवलं.

"फुडल्या वर्सा राजमातेचां काम तू कर," ते म्हणाले. "तोंड बरां मऊ आसा तुजां. आनी मिशयेची कटकट ना."