ताईंचा तारा आणि आटलेलं माप

"आज दुपारी तीन वाजता बारा रात्री माझ्या!" ताईंनी सकाळी चहा ओतता ओतता जाहीर केलं.

सासूबाईंच्या विणकामाच्या सुया थबकल्या. "कसल्या गं बारा रात्री?"

"मोठ्या दुर्बिणीच्या, आई! आज समिती बसणार आहे. माझा तारा दर नऊ दिवसांनी उजळतो नि मंदावतो. जुन्या यादीत त्याला चक्क 'स्थिर' म्हटलंय! डोळे मिटून केलेली यादी!"

आपल्या आकाशगंगेतले फुगत-आक्रसत कमीजास्त उजळणारे तारे, हा ताईंचा विषय. आकाशगंगेच्या गाभ्याकडे धूळच इतकी, की साध्या प्रकाशात काही दिसत नाही. पण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्या धुळीतूनही पार येतो, बंद दाराआडून फोडणीचा वास यावा तसा! तो टिपणारा कॅमेरा दुर्बिणीला लावून ताईंनी वर्षभर एका ताऱ्याचा पिच्छा पुरवला होता. बारा रात्री मिळाल्या तर काम पुरं, नाहीतर वर्ष पाण्यात.

तेवढ्यात दारात एक बिनडोक्याचं भूत उभं राहिलं. दोन्ही हात वर, मुंडकं नव्या स्वेटरात अडकलेलं!

"आई, ओढ!" भूत आतून ओरडलं.

सासू-सुनेनं मिळून ओढलं, तेव्हा ताईंचे यजमान बाटलीतून बूच निघावं तसे बाहेर आले.

"असं कसं झालं?" सासूबाई रडकुंडीला आल्या. "जुन्या स्वेटरवर ठेवून टाक्याला टाका जुळवला होता मी!" मग त्यांची नजर हळूच सुनेकडे वळली. "जुना स्वेटर गरम पाण्यात कुणी घातला होता गं?"

"कोमट होतं हो, आई..."

"मापच आटलं! मग नवा कसा बसेल?"

ताईंनी पर्स उचलली आणि पळ काढला.

संस्थेत प्रमुख सरांना आलेख दाखवताच ते खुर्चीतून उडालेच. आनंदाच्या भरात त्यांनी दुसऱ्या वेधशाळेला फोन लावला. तासाभरात तिकडून उत्तर आलं, 'आमच्या महिन्याभराच्या नोंदी पाहिल्या. तुमचा तारा दगडासारखा गप्प आहे.'

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एरवी मुंगीलाही वाट करून देणारी बाई. पण त्यांनी खडखड टाइप केलं, 'आपला कॅमेरा तपासून घ्यावा. निदान काच तरी पुसावी!' आणि एक प्रत थेट समितीच्या अध्यक्षांना धाडली.

सरांनी ते वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो ताई, तिथला कॅमेरा अध्यक्षांनी स्वतः बांधलाय!"

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजले होते.

"बरं, तारा ताडून कशाशी पाहिलात?" सरांनी विचारलं. हवा रोज सारखी नसते, म्हणून ताऱ्याचा उजेड शेजारच्या एखाद्या ताऱ्याशी ताडून पाहावा लागतो.

"शेजारच्याच एका ताऱ्याशी. गरीब बिचारा! कुणाच्या अध्यात ना मध्यात!"

"पण तो स्थिर आहे कशावरून?"

"दिसतोच तसा, सर!" ताई म्हणाल्या खऱ्या, आणि त्यांच्या कानात सासूबाईंचा आवाज घुमला. "अगंबाई! मापच आटलं!"

"काय आटलं?" सर दचकले.

ताई केव्हाच संगणकाला भिडल्या होत्या. त्यांनी आणखी सहा तारे मापाला घेतले. पाहतात तो काय! त्यांचा लाडका तारा ढिम्म, आणि तो गरीब बिचारा शेजारी दर नऊ दिवसांनी फुगत होता नि आक्रसत होता!

गर्वाचं घर खाली, ते असं. तीन वाजता ताई समितीपुढे उभ्या राहिल्या. "कॅमेरा निर्दोष आहे. काच स्वच्छ आहे. माझंच माप चुकलं."

अध्यक्षांनी आलेख उलटासुलटा पाहिला. "हा शेजारी कुठल्या यादीत आहे?"

"कुठल्याच नाही, सर."

"म्हणजे नवाच की! सहा रात्री घ्या." मग ते मिशीत हसले. "उरलेल्या सहा रात्री आमची काच पुसायला या!"

ताई तरंगतच घरी आल्या. "आई, तुमच्या आटलेल्या मापानं वाचवलं हो मला!"

सासूबाईंच्या पुढ्यात जुना स्वेटर, मोजपट्टी आणि विणकामाची जुनी वही होती.

"दहा वर्षांपूर्वीचं माप सापडलं," त्या पुटपुटल्या. "छाती अडतीस. स्वेटर आज मोजला, तोही अडतीस. सूतभरही आटला नाही गं. तुला उगाच बोलले."

दोघींनी सावकाश मान वळवली. यजमान चहात बिस्कीट बुडवत होते. सहावं. सासूबाईंनी लेकाभोवती मोजपट्टी फिरवली. चव्वेचाळीस!

"म्हणजे हाही तुझ्या त्या बदलत्या ताऱ्यांतलाच का गं?"

"नाही हो, आई." ताईंनी बिस्किटांचा डबा हळूच बंद केला. "ते फुगून पुन्हा आक्रसतात तरी!"