गच्चीवरचा खोकला

मी खोकायचं ठरवलं आणि तिथून सगळं बिघडलं.

लॉकडाऊन लागला, जालन्यातलं बियाण्याच्या गोदामातलं माझं काम थांबलं आणि मी केदारखेड्याला घरी आलो. लग्न नुकतंच झालेलं. घर दोन खोल्यांचं, त्यात सगळे दिवसभर घरातच. आमच्याकडे आईवडिलांसमोर नवरा-बायको बोलत नाहीत. (मी एकटा सापडलो तरी फार बोलतो असं नाही.) एकदा चुलीपाशी सरपण टाकताना दैवशालानं खालमानेनं विचारलं, "मी आवडत न्हाई का तुमाला? तसं असलं तर गाड्या सुरू झाल्या की माहेरी जाते."

मी घाबरलो. मग आमचं ठरलं. मी गच्चीवर जाऊन खोकायचं, तिनं कुरडया उलटवायला म्हणून वर यायचं. टाकीच्या सावलीला बसून ती बोलायची, मी "हं" म्हणायचो. ती हसायला लागली आणि मला खोकल्याची चटक लागली.

दिवस कोरोनाचे आहेत, हे मी विसरलो. वडील विसरले नव्हते. त्यांनी गावच्या आशा कार्यकर्तीला, वंदनाताईंना, बोलावलं.

"कव्हा येतो खोकला?" वंदनाताईंनी अंगणातूनच विचारलं.

"गच्चीवर गेल्यावर."

"आन् खाली?"

"खाली न्हाई येत."

"मंग थांबतो कशानं?"

मी वर गच्चीकडे बघितलं. वडिलांनी माझं अंथरूण गुंडाळून दारात ठेवलं. गावच्या शाळेत वेगळं राहायचं. खरं सांगण्यापेक्षा मला शाळा बरी वाटली. (ती मी सातवीतच सोडलेली.)

मी अंथरूण उचललं, तोच दैवशाला पदर सावरत पुढे आली. आजवर ती वडिलांसमोर एक शब्द बोलली नव्हती.

"मामा, त्यांना कायी झालं न्हाई. ते मला बोलवून राह्यलेत. घरात बोलायला जागा न्हाई म्हणून."

वंदनाताई मास्कच्या आत हसल्या. वडील बराच वेळ चप्पल शोधत राहिले. ती पायातच होती. मग आईला म्हणाले, "चल, रानात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायच्या राह्यल्यात." जाताजाता माझ्याकडे न बघता म्हणाले, "येड्या, तिला नाव हाय. आमच्यासमोर बी हाक मारत जा."

ती दुपार आमची होती. मी "हं"च्या पुढे बरंच बोललो.

संध्याकाळी सगळे अंगणात बसलेले. मी गच्चीवर गेलो, छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्यांदाच सगळ्यांदेखत बायकोला हाक मारली.

तोंडातून निघालं, "आई, पाणी."

दैवशाला हसू दाबत तांब्या घेऊन उठली. आईनं तो तिच्या हातातून घेतला.

"बस गं. मला बोलावलंय त्यानं."